‘क्वांटम ऑफ सोलेस’: १०६ मिनिटांचा वाद

बाँडपटांच्या चाहत्यांचा एक आवडता उद्योग आहे, चित्रपटांची उतरंड लावणं. १९६२च्या ‘डॉक्टर नो’पासून २०२१च्या ‘नो टाइम टू डाय’पर्यंत इऑन या निर्मितीसंस्थेचे पंचवीस चित्रपट आले. सगळ्यात वर ‘गोल्डफिंगर’ ठेवायचा की ‘कॅसिनो रॉयल’, एवढ्यावर चहाचे दोन कप सहज संपतात. तळाला ‘डाय अनदर डे’ ठेवायला सहसा कोणाची हरकत नसते. खरी हमरीतुमरी होते ती २००८च्या ‘क्वांटम ऑफ सोलेस’वर. कोणी त्याला तळाशी ढकलतं, कोणी पहिल्या दहांत आणून बसवतं, आणि गंमत म्हणजे दोघंही पुरावा म्हणून तीच दृश्यं पुढे करतात. दीड दशकाहून जास्त काळ चाललेला हा वाद आज कुठे येऊन थांबला आहे, ते पाहण्याचा हा प्रयत्न.

अपेक्षाभंग कशाला म्हणायचं?

आधी शब्द नीट करून घेऊ. ‘पडलेला’ चित्रपट आणि ‘निराश करणारा’ चित्रपट या बाँडच्या बाबतीत वेगळ्या गोष्टी आहेत. १९७९च्या ‘मूनरेकर’ची बाँडला अवकाशात पाठवल्याबद्दल यथेच्छ टिंगल झाली, पण गल्ल्याचा त्याचा विक्रम १९९५च्या ‘गोल्डनआय’पर्यंत टिकला. अदृश्य होणाऱ्या गाडीमुळे बदनाम झालेला २००२चा ‘डाय अनदर डे’सुद्धा भरपूर चालला. उलट १९६९च्या ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’ला शॉन कॉनरी नसल्याचा फटका बसला, जॉर्ज लॅझन्बीचा तो पहिला आणि शेवटचा बाँडपट ठरला आणि पुढच्याच चित्रपटात कॉनरीला परत आणावं लागलं. आज त्याच चित्रपटाचं नाव ख्रिस्तोफर नोलनसारखा दिग्दर्शक आपला आवडता बाँडपट म्हणून घेतो. १९८९चा ‘लायसन्स टू किल’ही फार रक्ताळलेला, फार सूडाचा म्हणून नाकारला गेला होता. त्यालाही पुढे चाहते मिळाले.

म्हणजे या मालिकेत निकाल फिरतात. मात्र सगळेच फिरत नाहीत. ‘डाय अनदर डे’चा निकाल दोन दशकांत फारसा हललेला नाही. ‘क्वांटम’ची केस यांतल्या कोणत्या खात्यात जाते, हाच मूळ प्रश्न आहे.

गल्ल्याचं म्हणाल तर तक्रारीला जागा नाही. सुमारे वीस कोटी डॉलर खर्चून केलेल्या या चित्रपटाने जगभरातून ५९ कोटींच्या आसपास कमावले, जवळपास आधीच्या ‘कॅसिनो रॉयल’इतकेच. निराशा झाली ती त्या ‘आधीच्या’मुळे.

पार्श्वभूमी

२००६च्या ‘कॅसिनो रॉयल’ने मालिका नव्याने मांडली. डॅनियल क्रेगच्या निवडीवर आधी नाकं मुरडणाऱ्यांनी नंतर टाळ्या वाजवल्या. शेवटी बाँडची प्रेयसी व्हेस्पर लिंड बुडते, बाँड दगडासारखा होतो आणि मिस्टर व्हाइट नावाच्या गृहस्थाच्या पायावर गोळी झाडून उभा राहतो. ‘क्वांटम’ सुरू होतो त्यानंतर तासाभरात. एका बाँडपटाची गोष्ट पुढच्यात थेट चालू राहण्याची ही पहिलीच वेळ होती.

नाव इयान फ्लेमिंगच्या एका कथेचं. १९६० साली आलेल्या ‘फॉर युअर आइज ओन्ली’ या संग्रहात ती आहे. तिच्यात हेरगिरी औषधालाही नाही. नासाऊमध्ये जेवणं झाल्यावर तिथले गव्हर्नर बाँडला एका फसलेल्या संसाराची हकीगत सांगतात, आणि बाँड ऐकतो, बस्स. दोन माणसांमध्ये आपुलकीचा किमान एक कण उरला नाही, तर ते नातं संपलंच, असं गव्हर्नरांचं म्हणणं. चित्रपटाने कथेतलं काहीच घेतलं नाही. पण सूडाने पेटलेल्या माणसाला कणभर दिलासा मिळतो का, हा प्रश्न तिथूनच आला असावा.

दिग्दर्शक निवडला गेला मार्क फॉर्स्टर. जर्मनीत जन्मलेला, स्वित्झर्लंडमध्ये वाढलेला, ‘मॉन्स्टर्स बॉल’ आणि ‘द काइट रनर’ करणारा माणूस. हाणामारीच्या चित्रपटांशी त्याचा फारसा संबंध नव्हता. आधीचा चित्रपट १४४ मिनिटांचा, म्हणून आपला बंदुकीच्या गोळीसारखा आखूड आणि वेगवान हवा, हे त्याने आधीच ठरवलं होतं. झाला १०६ मिनिटांचा, मालिकेतला सर्वांत लहान.

आणि मग संप आला.

पहिली बाजू : दोष संपाचा

अमेरिकेतल्या पटकथालेखकांचा संप ५ नोव्हेंबर २००७ला सुरू झाला आणि १२ फेब्रुवारी २००८पर्यंत चालला. पटकथाकार पॉल हॅगिस यांनी आपला खर्डा संप सुरू व्हायच्या जेमतेम दोन तास आधी निर्मात्यांच्या हाती ठेवला, असं तेव्हा छापून आलं होतं. पाइनवूड स्टुडिओत मुख्य चित्रीकरण जानेवारी २००८मध्ये, म्हणजे भर संपात सुरू झालं. कॅमेरा फिरतोय आणि दृश्यात काय बोलायचं ते पक्कं नाही, अशी अवस्था. २०११च्या अखेरीस एका मुलाखतीत क्रेगनेच सांगून टाकलं की हाताशी पटकथेचा नुसता सांगाडा होता, आणि दृश्यं त्याला नि फॉर्स्टरला बसून लिहावी लागली. आपण काही लेखक नाही, हेही त्याने जोडलं.

बचावाची ही बाजू सर्वांत लोकप्रिय आहे, कारण तिच्यात कोणालाच दुखवावं लागत नाही. चित्रपट पाहताना तिला आधारही सापडतो. गोष्टीचे सांधे सैल आहेत. बाँड हैतीहून ऑस्ट्रियाला, तिथून इटलीला, मग बोलिव्हियाला का जातो ते कळतं, पण एखाद्या पात्राच्या एका वाक्यावर सगळा प्रवास टांगलेला असतो. अमेरिकी गुप्तचर खात्याचा खलनायकाशी झालेला सौदा हा खरं तर अख्ख्या चित्रपटाचा ऐवज, तो विमानातल्या दोन-तीन संवादांत आटोपतो.

तरीही ही बाजू पुरी पडत नाही, असं माझं मत आहे. हॅगिस यांनीच नंतर सांगितलं की व्हेस्परला मूल होतं आणि बाँड त्याच्या शोधात निघतो, अशी कल्पना त्यांनी मांडली होती. निर्मात्यांनी ती बाजूला ठेवली. म्हणजे संपापूर्वीही गोष्टीचा धागा पक्का नव्हता. दुसरं, संपात लेखणी थांबते, कात्री थांबत नाही. या चित्रपटावरचा सगळ्यात मोठा आक्षेप तर कात्रीबद्दल आहे.

दुसरी बाजू : दोष कात्रीचा

चित्रपट उघडतो तो इटलीतल्या गार्डा सरोवराकाठच्या रस्त्यावर. बाँडची गडद राखी अॅस्टन मार्टिन, मागे काळ्या अल्फा रोमिओ. बोगदा, ट्रक, धूळ, गियर बदलणारा हात, डोळा, चाक, पुन्हा हात. गाडीचं दार उखडून जातं. जातं हे कळतं. कशाने, ते दुसऱ्या वेळी पाहताना कळतं. दोन्हीकडच्या गाड्या गडद रंगाच्या आणि दर सेकंदाला कट, त्यामुळे आत्ता दिसली ती कोणाची, हे डोळ्याला ठरवायलाच वेळ मिळत नाही. पुढे सिएनामध्ये घोड्यांच्या पालिओ शर्यतीच्या गर्दीत, मग भुयारात, कौलांवर आणि शेवटी एका इमारतीतल्या परांचीवर जो पाठलाग होतो, त्यातही तेच.

रॉजर मूर यांनी या पद्धतीवर नेमकं बोट ठेवलं होतं. हाणामारीची जाहिरात पाहतोय असं वाटलं, कोण कुठे आहे याचा भूगोलच लागत नव्हता, अशा अर्थाचं ते बोलले. समीक्षक रॉजर एबर्ट यांनी दोनच तारे दिले, आणि बाँड हा मारामारीपटाचा नायक नव्हे, अशी हरकत नोंदवली.

यामागे ‘बोर्न’ हेरपटांची सावली आहे असं बहुतेक मानतात, आणि ते हवेतलं नाही. ‘द बोर्न सुप्रीमसी’ आणि ‘द बोर्न अल्टिमेटम’ यांनी हलता कॅमेरा नि तुकड्या-तुकड्यांचं संकलन रूढ केलं होतं. ‘बोर्न’च्या हाणामारीची दृश्यं सांभाळणारा डॅन ब्रॅडली ‘क्वांटम’च्या दुसऱ्या चमूचा दिग्दर्शक होता, आणि संकलकांपैकी रिचर्ड पिअरसन ‘सुप्रीमसी’वर काम करून आला होता. तेव्हा बाँडने उसनं आणलं, हा आरोप कागदोपत्रीही टिकतो.

पण दुसरी बाजूही ऐकायला हवी, आणि ती मालिकेच्या आतूनच येते. साठच्या दशकात झटपट कट मारून मारामारी तापवण्याची रीत बाँडपटांनीच लोकप्रिय केली. ते काम पीटर हंट या संकलकाचं. ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’मधली आगगाडीच्या डब्यातली झुंज आठवा. हंट पुढे ‘ऑन हर मॅजेस्टीज’चा दिग्दर्शक झाला, आणि तो चित्रपटही तेव्हाच्या मानाने घाईघाईचा वाटला होता. त्यामुळे ‘हे बाँडच्या रक्तात नाही’ असं म्हणता येत नाही. फरक असेल तर एवढाच, की हंटच्या झुंजीत डब्याचं दार कुठे, खिडकी कुठे आणि चाकू कोणाच्या हातात, हे आपल्याला आधीच दाखवून ठेवलेलं असतं.

ही पद्धत जमली तर काय होतं, तेही याच चित्रपटात आहे. ऑस्ट्रियात ब्रेगेन्झला सरोवराच्या पाण्यावर उभारलेला रंगमंच, त्यावर प्रचंड निळा डोळा, आणि पुच्चीनीचा ‘तोस्का’ चाललेला. प्रेक्षकांत बसलेली क्वांटम या गुप्त संघटनेची बडी मंडळी कानातल्या यंत्रांवरून बैठक घेत आहेत. बाँड मध्येच त्यांच्या बोलण्यात तोंड घालतो. एकेक जण दचकून उठतो, चालायला लागतो, आणि बाँड वरून त्यांचे फोटो टिपत राहतो. उठत नाही तो फक्त मिस्टर व्हाइट. बायकोशेजारी बसावं तसा तो शांत बसून राहतो, कारण उठेल तो ओळखला जाईल हे त्याला ठाऊक आहे. मग गोळीबार सुरू होतो, तेव्हा बंदुकांचे आवाज काढून टाकलेले. नुसतं संगीत, रंगमंचावरचा खून आणि उपाहारगृहातली पळापळ, एकात एक कापलेली. इथेही भूगोल लागत नाहीच. तरी इथे तो लागावा असं वाटत नाही. गार्डाचा पाठलाग फसतो आणि ब्रेगेन्झ जमतं, दोन्हीमागे एकच दिग्दर्शक आणि तीच कात्री. संपाची सबब मला अपुरी वाटते ती यामुळेच.

तिसरी बाजू : हा बाँड नव्हेच

या गटाची तक्रार साधी आहे आणि तिच्यावर फार शब्द खर्चायचं कारण नाही. बंदुकीच्या नळीतून दिसणारी ती प्रसिद्ध सलामी सुरुवातीला नाही, एकदम शेवटी आहे. नाव सांगण्याचं ते ठरलेलं वाक्य नाही. क्यू, मनीपेनी ही नेहमीची पात्रं नाहीत, विनोद जवळपास नाही. नायिका कामील आणि बाँड यांच्यात एका चुंबनापलीकडे काही घडत नाही. जॅक व्हाइट आणि अलिशिया कीज यांचं शीर्षकगीत, मालिकेतलं पहिलं द्वंद्वगीत, तेही अनेकांच्या कानाला खरखरीत लागलं.

यातला एक आक्षेप मात्र जड आहे. बाँडचा जुना मित्र मॅथिस त्याच्या मिठीत मरतो. बाँड त्याच्या पाकिटातले पैसे काढून घेतो आणि प्रेत कचऱ्याच्या डब्यात टाकून निघून जातो. कामील विचारते, मित्रांना असं वागवतोस? त्याचं काही वाटलं नसतं, असं काहीसं उत्तर तो देतो. अनेकांना इथे चित्रपट सोडून जावंसं वाटलं. दुसऱ्या बाजूचे लोक म्हणतात की हाच तर चित्रपटाचा विषय, दुःखाने माणूस किती कोरडा होतो तो. त्याच्या थोडंच आधी विमानात झोप न लागलेला बाँड व्हेस्परच्या नावाचं मद्य एकामागून एक रिचवत बसलेला दिसतो, ते दृश्य ते शेजारी ठेवून दाखवतात. दोघांचंही म्हणणं त्या-त्या दृश्यापुरतं खरं आहे. दोन दृश्यांच्या मध्ये जी समजूत उभी राहायला हवी होती, तिला चित्रपटाने वेळ दिला नाही.

चौथी बाजू : पाणी आणि फेरविचार

खलनायक डॉमिनिक ग्रीन हा पहिल्या दिवसापासून टीकेचा धनी झाला. ठेंगणा, डोळे वटारणारा, हाणामारीत किंचाळत कुऱ्हाड चालवणारा. ही भूमिका करणाऱ्या मॅथ्यू अमालरिकला चेहऱ्यावर एखादा व्रण हवा होता. फॉर्स्टरने नकार दिला, कारण असा माणूस आपल्या शेजारीही बसलेला असू शकतो, हेच त्याला दाखवायचं होतं. आणि त्याचा डाव काय, तर जग जिंकणं नाही, सोनं नाही, अणुबाँब नाही. बोलिव्हियाच्या वाळवंटाखाली धरणं बांधून पाणी अडवायचं, एका जनरलला सत्तेवर बसवायचं आणि मग त्याच्याच सरकारला ते पाणी चढ्या भावाने विकायचं. २००८मध्ये अनेकांनी विचारलं, पाणी? बस्स, एवढंच?

फेरविचार करणाऱ्यांची सगळ्यात भक्कम जागा हीच आहे. बोलिव्हियातल्या कोचाबांबा शहराचा पाणीपुरवठा १९९९मध्ये बेक्टेल या बड्या अमेरिकी कंपनीचा मोठा हिस्सा असलेल्या एका कंपनीकडे सोपवला गेला, दर वाढले, लोक रस्त्यावर उतरले, २०००च्या एप्रिलमध्ये एका सतरा वर्षांच्या मुलाचा गोळी लागून जीव गेला आणि करार रद्द झाला. ग्रीनचा कट या घटनेवर बेतलेला आहे हे उघड दिसतं. चित्रपटात कोरड्या पडलेल्या नळाखाली रिकामी भांडी घेऊन ताटकळणारी माणसं क्षणभर येतात. आपल्याकडे एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेच्या टाक्यांतून पाणी न्यावं लागलं. ते पाहिलेल्या माणसाला ‘पाणी, एवढंच?’ हा प्रश्न सुचणार नाही. मी ‘क्वांटम’ दुसऱ्यांदा पाहिला तो त्यानंतर, आणि ग्रीनचा हातात करारनामा घेऊन जनरलपुढे उभं राहण्याचा प्रसंग पहिल्यांदा अंगावर आला.

फील्ड्स या तरुण अधिकारी बाईचं काळ्या तेलाने माखलेलं प्रेत पलंगावर सापडतं, त्यावरही दोन मतं आहेत. ‘गोल्डफिंगर’मधल्या सोनेरी प्रेताची नक्कल, असं एक. ग्रीन जगाला भासवतोय की आपला डोळा तेलावर आहे, आणि हे प्रेत त्याच थापेचा भाग, असं दुसरं. दुसरं मला जास्त पटतं. तिला मारण्याची गरज काय होती, हे मात्र दोन्ही मतांतून कळत नाही.

राजकारणाचं श्रेय देताना एक विरोधाभास नजरेआड करू नये. बोलिव्हियाच्या बाजूने बोलणारा हा चित्रपट बोलिव्हियात चित्रित झालाच नाही. ला पाझ म्हणून दिसतं ते पनामा, आणि वाळवंट चिलीतलं अटाकामा. वाळवंटातलं ते आलिशान हॉटेल म्हणजे पारानाल वेधशाळेतल्या खगोलशास्त्रज्ञांचं निवासस्थान. एकोणिसाव्या शतकातल्या युद्धात बोलिव्हियाने गमावलेला हाच मुलूख. आपल्या गावाला बोलिव्हिया म्हणून दाखवतात याचा राग येऊन तिथल्या एका चिली नगराध्यक्षाने भर चित्रीकरणात आपली गाडी घुसवली होती. बोलिव्हियाचं सरकारही, आपला देश नुसता उजाड वाळवंट दाखवला म्हणून, नाराज होतंच. सगळ्यांची बाजू घ्यायला निघालेल्याच्या वाट्याला हे यायचंच.

फेरविचारवाल्यांचा दुसरा मुद्दा पाहण्याच्या पद्धतीचा आहे. दोन वर्षांनी थिएटरात स्वतंत्र चित्रपट म्हणून पाहिला तर तो उसासा टाकायच्या आत संपतो. घरी ‘कॅसिनो रॉयल’ला जोडून पाहिला तर तो त्याचा शेवटचा अंक वाटतो. मी एका रविवारी तो प्रयोग करून पाहिला आहे. फरक पडतो. पण जो चित्रपट उभा राहायला शेजाऱ्याच्या भिंतीचा आधार घेतो, त्याला स्वतंत्र घर म्हणायचं का, हा प्रश्न त्यानेही सुटत नाही.

काय उरलं आहे

दोन गोष्टींवर आता बऱ्यापैकी एकमत आहे. चित्रपट ‘डाय अनदर डे’च्या रांगेतला नाही; आणि सुरुवातीचे पाठलाग, कितीही वेळा पाहिले तरी, गिचमिडच आहेत. त्यापलीकडे सगळं खुलं आहे.

पूर्ण वेळ मिळालेली पटकथा असती तर काय झालं असतं, हे कोणालाच सिद्ध करता येणार नाही. फॉर्स्टरने पाठलागांच्या दृश्यांना माती, पाणी, वारा आणि आग अशी महाभूतं नेमून दिली होती. कागदावर आखीव वाटणारी ही योजना पडद्यावर किती जणांच्या लक्षात आली, हा वेगळाच प्रश्न. शेवटी बाँड मिस्टर व्हाइट आणि ब्रिटिश पंतप्रधानांच्या वर्तुळातल्या गाय हेन्सच्या दारात जाऊन उभा राहतो, असं एक दृश्य चित्रित झालं होतं. ते वगळलं गेलं. ते राहिलं असतं तर नाव सांगण्याचं वाक्यही राहिलं असतं आणि संघटनेचा धागाही. तो धागा पुढे भलतीकडेच गेला. ‘थंडरबॉल’पासून अडकलेले ‘स्पेक्टर’ या बाँडपटांतल्या जुन्या खलनायकी संघटनेचे हक्क नोव्हेंबर २०१३मध्ये निर्मात्यांकडे परत आले, आणि २०१५च्या ‘स्पेक्टर’ने क्वांटमला त्या जुन्या संघटनेची एक शाखा करून टाकलं. मधल्या ‘स्कायफॉल’ने तर शंभर कोटी डॉलरचा टप्पा ओलांडून ‘क्वांटम’ची आठवणच पुसली.

सर्वांत अवघड प्रश्न शेवटच्या दृश्याचा आहे. कझानमध्ये बाँड व्हेस्परला फसवणाऱ्या प्रियकरापर्यंत पोहोचतो. त्याला मारत नाही. बाहेर बर्फात त्याची वरिष्ठ एम वाट पाहत असते. दोन वाक्यं होतात, तो चालायला लागतो आणि व्हेस्परचा हार बर्फावर पडलेला दिसतो. मग ती बंदुकीची नळी. इथे हिशेब मिटला, कणभर दिलासा मिळाला, असं चित्रपट म्हणतो, आणि त्याचे चाहते याच क्षणावर आपली सगळी बाजू उभी करतात. तेरा वर्षांनी ‘नो टाइम टू डाय’ सुरू होतो तेव्हा तोच बाँड मातेरामध्ये व्हेस्परच्या थडग्यापुढे उभा राहून चिठ्ठी जाळत असतो.